उधाण, बांध आणि उघाडी : उरणची खारजमीन आणि नेदरलँड्स

आजचा विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी मला विचारलं, "सर, तुम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता हा भूगोल कुठून काढलात?" प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं, की जमीन म्हणजे काय, हा प्रश्न वरवर भूगोलाचा दिसतो. पण तुम्ही उरण तालुक्यात राहत असाल तर तो थोडा तत्त्वज्ञानाचाही होतो. कारण इथली बरीचशी जमीन निसर्गाने तयार करून दिलेली नाही. ती माणसांनी केली आहे, आणि दर वर्षी पुन्हा केली तरच ती जमीन राहते. नाहीतर ती खाडी होते.

जगात असा एक अख्खा देश आहे. नेदरलँड्स. आपण सवयीने त्याला हॉलंड म्हणतो, पण हॉलंड हा त्याचा एक भाग झाला. देशाच्या नावाचा अर्थच 'सखल प्रदेश'. क्षेत्रफळ साधारण ४१,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा जेमतेम सातवा हिस्सा. त्यातली सुमारे चौथाई जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे. युरोपातल्या मुख्य भूमीवरचा त्यांचा सर्वांत उंच डोंगर ३२२ मीटरचा. आपल्याकडे तेवढ्याला टेकडी म्हणतील. (हशा) देव पृथ्वी करतो आणि डच माणूस आपला देश स्वतः करतो, असं त्यांच्याबद्दल गमतीने म्हटलं जातं. आज आपण या देशाशेजारी उरण ठेवून बघू. दोन्ही सारखे आहेत असं मला म्हणायचं नाही. फरक कुठे आहे ते कळलं, तर आपलीच जमीन आपल्याला नीट दिसेल.

तीन बाजूंनी पाणी

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेला मुंबई बंदराचं पाणी, उत्तरेला पनवेलची खाडी, दक्षिणेला करंजा आणि धरमतरची खाडी. पूर्वेला तेवढी पक्की जमीन. पनवेलच्या खाडीत गाढी आणि उलवे या नद्या येतात. धरमतरच्या खाडीत पाताळगंगा आणि अंबा येतात. दोघीही सह्याद्रीतून उतरतात. खोपोलीच्या वीजघरातून सोडलेलं पाणी पाताळगंगेत येतं, म्हणून ती उन्हाळ्यातही वाहती असते.

आज आपण 'उरण शहर' म्हणतो ते मुळात बेट. जुन्या नोंदींत त्याचं नाव करंजा बेट. दक्षिणेला द्रोणागिरीचा डोंगर, उत्तरेला मोऱ्याच्या बाजूची टेकडी, आणि दोहोंच्या मधे सखल भाग, त्यात भातशेती आणि मिठागरं. न्हावा वेगळं बेट, शेवा वेगळं बेट. घारापुरी याच तालुक्यात, आणि ते अजून बेटच आहे. बाकीची बेटं मुख्य भूमीला कशी जोडली गेली? मधल्या खाजणात गाळ साचत गेला, लोकांनी त्याला बांध घातले, आणि शेवटी बंदर-रस्त्यांसाठी भराव पडला. गावांची नावं ऐका : जसखार, सावरखार. इथे पूर्वी काय होतं, ते नावातच सांगून ठेवलं आहे.

नेदरलँड्सचंही असंच. ऱ्हाईन, मास आणि स्केल्ट या तिन्ही नद्या परदेशातून वाहत येतात आणि तिथे समुद्राला मिळतात. हा देश म्हणजे त्यांनी आणलेल्या गाळाचा त्रिभुज प्रदेश. थोडक्यात, दोन्हीकडे नदी गाळ आणते, समुद्र तो मागेपुढे ढकलतो, आणि मधल्या चिखलावर माणूस हक्क सांगतो.

भरती आणि ओहोटी यांच्या मधली जमीन

आता मुख्य फरक. इथे जरा थांबून समजून घेऊ.

आपल्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक मोठा आहे. मुंबई बंदराच्या कोष्टकात पावसाळ्यातल्या मोठ्या उधाणाची उंची ४.८, ४.९ मीटर अशी छापलेली दिसते. इथल्या कोळी-आगरी माणसाला कोष्टक लागत नाही. त्याचं गणित तोंडी : तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमाराला. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या अलीकडेपलीकडे. मोठं उधाण नेहमी भरदुपारी आणि मध्यरात्री का येतं, याचं उत्तर या एका सूत्रात आहे. आणि त्यानंतर सहा तासांनी पाणी तितकंच खाली जातं, हेही त्यातच आलं.

हे खाली जाणं आपल्या शेतीचा पाया आहे. खारजमीन समुद्राच्या अगदी तळाशी नाही. ती उधाणाच्या पातळीच्या खाली, पण ओहोटीच्या पातळीच्या वर आहे. म्हणजे दिवसातून दोनदा समुद्र तिच्यापेक्षा उंच असतो आणि दोनदा तिच्यापेक्षा खाली. मग काम दोनच : समुद्र उंच असताना त्याला बाहेर ठेवायचं आणि खाली असताना आपलं पाणी त्याच्यात सोडायचं.

पहिलं काम बांधाचं. खाडीकडचा जो मुख्य बांध, तो बाहेरकाठा. दुसरं काम उघाडीचं. नव्या पिढीतल्या अनेकांनी उघाडी पाहिलेली नसेल, म्हणून सांगतो. बांधाच्या पोटात एक मोरी ठेवतात आणि तिच्या खाडीकडच्या तोंडाला वरून टांगलेली झडप बसवतात. ओहोटी लागली, की आतलं पाणी झडपेला आतून ढकलतं, झडप उघडते, पाणी खाडीत जातं. भरती चढली, की खाडीचं पाणी तीच झडप बाहेरून दाबून बंद करतं. ना वीज, ना पंप, ना माणूस. चंद्राच्या हिशोबाने दार आपोआप उघडतं आणि मिटतं. फक्त झडपेत ओंडका, जाळं किंवा प्लास्टिक अडकता कामा नये. अडकलं तर भरतीला दार उघडंच राहतं आणि खारं पाणी थेट भातात.

डच लोकांनीही सुरुवात अशाच दारांनी केली. पण त्यांची बरीच जमीन पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची. पाणी काढलं की ती वाळते, आकसते, हवेने झिजते आणि खाली बसते. जमीन बसली की अजून पाणी काढावं लागतं, पाणी काढलं की ती अजून बसते. शेवटी ती ओहोटीच्याही खाली गेली. तिथे झडप काय करणार? म्हणून पवनचक्क्या आल्या. त्या केवळ शोभेच्या नव्हत्या, बऱ्याच चक्क्या पाणी उपसण्यासाठी होत्या. बेम्स्टर नावाचं आख्खं तळं चक्क्यांनी उपसून १६१२ मध्ये शेत झालं. आज ते जागतिक वारसा स्थळ आहे. हार्लेमरमेर हे आणखी मोठं तळं वाफेच्या पंपांनी १८५२ मध्ये कोरडं केलं. त्याच तळाशी आज त्यांचं स्किपोल विमानतळ उभं आहे.

म्हणजे त्यांचा देश पंप बंद पडले तर भरेल, आणि आपली शेती बांध फुटला तर भरेल. त्यांना अखंड उपसा करावा लागतो, आपल्याला अखंड डागडुजी.

आणखी एक फरक पावसाचा. त्यांच्याकडे वर्षभरात साधारण ८०० ते ८५० मिलिमीटर पाऊस, तोही बारा महिन्यांत विखुरलेला. आपल्याकडे दोन हजार मिलिमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांत. हा पाऊस आपला मित्रही आहे आणि शत्रूही. मित्र असा, की उन्हाळ्यात जमिनीतला क्षार वर येऊन पांढरा थर धरतो, तो जूनचा पाऊस धुऊन उघाडीवाटे खाडीत घालवतो. म्हणून खारजमिनीत भात पिकू शकतो. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ अशा क्षार सोसणाऱ्या भाताच्या जाती काढल्या, त्या याच जमिनीसाठी. आणि शत्रू कधी? मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली तर. तेव्हा उघाडी मिटलेली असते आणि आत पाणी साचत राहतं. २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दुपारी भरतीही होती.

एका मुलाचं बोट आणि अख्खं गाव

शाळेत तुम्ही एक गोष्ट ऐकली असेल. हॉलंडमधला एक मुलगा बांधाला पडलेल्या भोकात बोट घालून रात्रभर उभा राहतो आणि देश वाचवतो. ही गोष्ट जगभर पसरली ती मेरी मेप्स डॉज या अमेरिकन लेखिकेच्या १८६५ च्या पुस्तकातून. डच माणसाला ती विशेष पटत नाही. आपल्याकडच्या शेतकऱ्यालाही पटणार नाही. बांधाला भोक पडलं, की त्याची खांड व्हायला किती वेळ लागतो ते त्याला माहीत आहे. खांड बोटाने बुजत नाही. ओहोटीच्या सहा तासांत पन्नास माणसं चिखलाचे गोळे हातोहात पुढे देतात, तेव्हा ती बुजते. भरतीच्या आत काम झालं नाही तर केलेलं सगळं वाहून जातं. आणि खारं पाणी एकदा शेतात फिरलं, की दोन-तीन पावसाळे तरी भाताचं नाव काढायला नको.

म्हणून बांध ही एकट्याची गोष्ट असूच शकत नाही. माझं शेत बांधापासून अर्धा मैल आत असेल, तरी ते बांधावरच उभं आहे. बांधालगतच्या माणसाने डागडुजी केली नाही तर त्याच्या आधी कदाचित माझं पीक जाईल, कारण माझं शेत सखल आहे. इथे मालकीची रेघ सातबाऱ्यावर असते, पण पाणी सातबारा वाचत नाही.

डच लोकांनी या अडचणीवर काढलेला तोडगा मला त्यांच्या पवनचक्क्यांपेक्षा मोठा वाटतो. तेराव्या शतकापासून तिथे 'वॉटरस्खाप' म्हणजे जलमंडळं आहेत. तेव्हा तिथे आजच्या अर्थाने देशही नव्हता. एका बांधाच्या आड ज्यांची जमीन, त्या सगळ्यांनी डागडुजीचा भार उचलायचा आणि कारभारात बोलायचं. आज अशी २१ मंडळं आहेत. ती स्वतःचा कर घेतात आणि दर चार वर्षांनी त्यांची निवडणूक होते. आमदारकी वेगळी, नगरपालिका वेगळी आणि पाण्याचं मंडळ वेगळं.

आपल्याकडे काय होतं? जुन्या कुलाबा जिल्ह्यात शिलोत्री नावाची पद्धत होती. खाजण बांधून जमीन काढणारा शिलोत्रदार बाहेरचा बांध सांभाळणार आणि त्या बदल्यात कुळांकडून सरकारी साऱ्याखेरीज भाताचा वाटा घेणार. म्हणजे जबाबदारी ठरलेली होती, पण मंडळ नव्हतं, धनी होता. चिखल उचलणारा वेगळा आणि वाटा घेणारा वेगळा. धरमतरच्या पलीकडे अलिबागच्या खारेपाटात चरी आणि आसपासच्या गावांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ असा सहा वर्षं संप केला, तो खोतांविरुद्ध. जमीन पिकवण्यासाठी ज्यांचे हात खपतात त्यांचा तिच्यावर काय हक्क, हा त्या संपाचा प्रश्न होता.

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा खारजमीन कायदा आणि पुढे १९७९ चा महाराष्ट्र खारजमीन विकास कायदा आला. योजनेत घेतलेल्या बांधांची जबाबदारी सरकारकडे गेली. धन्याचा जाच गेला, हे चांगलंच झालं. पण त्याबरोबर दुसरंही काही गेलं. 'बांध आपला' ही भावना जाऊन 'बांध खात्याचा' झाला. खोपटे, आवरे, वशेणी, पुनाडे अशा खाडीकाठच्या गावांत उधाणाचं पाणी शेतात शिरल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्यावरची पहिली प्रतिक्रिया आता निवेदनाची असते, फावड्याची नसते. मी गावाला दोष देत नाही. तरुण मुलगा कंटेनर यार्डात बारा तासांची पाळी करत असेल, तर ओहोटीला बांधावर जाणार कोण?

थीसिअसचं जहाज

आता थोडं माझ्या विषयाचं, दोनच मिनिटं. ग्रीक तत्त्वज्ञानात एक जुनं कोडं आहे. थीसिअसच्या जहाजाची एकेक फळी कुजत गेली आणि प्रत्येक वेळी तिथे नवी फळी घातली. शेवटी मूळची एकही फळी उरली नाही. तर हे तेच जहाज का?

मला वाटतं, हे कोडं खाडीकाठच्या माणसाला पडणारच नाही. त्याच्या बांधात आजोबांच्या हातचा चिखल कणभरही उरलेला नाही. दर वर्षी खेकडे भोकं पाडतात, लाटा माती नेतात, आणि दर वर्षी नवा चिखल चढतो. तरी तो म्हणतो, हा आमचा जुना बांध. त्यात जुनं काय आहे? माती जुनी नाही, डागडुजीचा नेम जुना आहे. बांध म्हणजे तो नेम. नेम सुटला की बांध दिसायला दिसतो, पण नसतो. पुढच्या मोठ्या उधाणाला ते सगळ्यांना कळतं, एवढंच.

डच लोकांना ते १९५३ मध्ये कळलं. ३१ जानेवारी आणि १ फेब्रुवारीच्या मधली रात्र, उधाण आणि वायव्येचं वादळ एकत्र. बांध जागोजाग फुटले आणि त्यांच्या देशात १,८३६ माणसं गेली. त्या बांधांत दुबळे दुवे आहेत, हे त्यांच्या जाणकारांना आधीपासून माहीत होतं. त्यानंतर त्यांनी खाड्यांच्या तोंडांवर प्रचंड दारं उभारली. स्केल्टच्या मुखावरची १९८६ मध्ये पुरी झाली, रॉटरडॅमजवळची १९९७ मध्ये. तत्त्व आपल्या उघाडीचंच : शांत समुद्राला वाट द्यायची, चढत्या समुद्राला अडवायचं.

गावठाण खोलगट होतं तेव्हा

आता आजच्या उरणकडे येतो, कारण खरी काळजी इथे आहे.

१९७० मध्ये सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नवी मुंबईसाठी ठरली. पुढे बंदर आलं. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात आपले पाच जण गोळीबारात हुतात्मा झाले. लोकनेते दि. बा. पाटील यांच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं तत्त्व पुढे आलं. १९८९ मध्ये बंदर सुरू झालं. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला. तिकडे विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली आणि उलवे नदीचा प्रवाह वळवला.

या लढ्याबद्दल बोलताना आपण जमिनीच्या क्षेत्रफळाचं बोलतो, दराचं बोलतो. ते बोललंच पाहिजे. पण जमिनीच्या उंचीचं कोणी बोलत नाही.

जुनी गावं कुठे वसली होती? आसपासच्या उंचवट्यावर. शेतं खाली, घरं वर. नेदरलँड्सच्या उत्तरेला, फ्रिसलंड आणि ग्रोनिंगन भागात, बांध घालण्याच्याही आधी लोक मातीची टेकाडं रचून त्यांवर राहत. त्यांना तिथे 'टेर्प' म्हणतात. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने उत्तर समुद्राच्या काठी अशी वस्ती पाहून वर्णन करून ठेवलं आहे. तेच शहाणपण आपल्या गावठाणात होतं.

मग भराव आला. नोड, रस्ता, रेल्वे, कंटेनर यार्ड सगळं मुरूम टाकून उंच केलं. गावठाण मात्र जुन्या पातळीवरच राहिलं. म्हणजे जे उंचवटा होतं ते आता वाटीचा तळ झालं. घर हललं नाही, अंगण हललं नाही, पण गाव खाली गेलं. डच जमीन पाणी काढून बसली, आपलं गावठाण शेजारच्या भरावाने बसलं. पूर्वी शेतात पसरून उघाडीकडे जाणारं पावसाचं पाणी आता दारात थांबतं.

नियोजनकारांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. नवी मुंबईत नेदरलँड्सच्या धर्तीवर धारण तलाव केले. भरती असताना पावसाचं पाणी त्यात साठवायचं आणि ओहोटीला झडपांतून खाडीत सोडायचं. कल्पना उत्तम, आणि आपल्या शेतकऱ्याला ओळखीची. पण तलाव म्हणजे मोकळी जागा, आणि मोकळी जागा राखणं हेही कामच आहे. गाळ आला, गाळात कांदळवन उगवलं. कांदळवनाला उच्च न्यायालयाच्या निकालांचं संरक्षण आहे, आणि ते असायलाच हवं, कारण लाटांचा जोर मोडणारा तोच आपला पहिला बांध. मग तलाव खोदायचा की झाडं राखायची? पाणज्याला तर वाद नावावरूनच झाला : ही पाणथळ जागा की धारण तलाव? तिथे उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांना त्यातला फरक कळत नाही. पण नाव काय पडतं, यावर तिथे भरतीचं पाणी येऊ द्यायचं की नाही हे ठरतं.

इथे डच लोकांकडून घेण्यासारखी गोष्ट दारांची नाही, विचारण्याची आहे. १९९३ आणि १९९५ मध्ये नद्यांना पूर आले. दुसऱ्या वेळी अडीच लाखांच्या आसपास माणसं हलवावी लागली. तेव्हा त्यांनी ठरवलं, की बांध नुसते उंच करत जायचं नाही, नदीला जागा द्यायची. नायमेखन शहराजवळ वाल नदीचा बांध ३५० मीटर मागे घेतला. ओव्हरडीपसे नावाच्या भागात नदीला जागा द्यायची म्हणजे शेतकऱ्यांना उठवायचं, असं ठरत होतं. तिथल्या शेतकऱ्यांनी स्वतःच आराखडा मांडला : आमची घरं-गोठे बांधालगत नव्या टेकाडांवर बांधून द्या, पूर आला तर शेतावरून जाऊ दे. सरकारने तो स्वीकारला. सगळ्यांना तिथे राहता आलं नाही, काही कुटुंबांना जावं लागलं. पण टेर्पची जुनी युक्ती एकविसाव्या शतकात परत आली, आणि ती कार्यालयातून नाही, शेतकऱ्यांकडून आली.

उरणला तसंच सगळं करा, असं मी म्हणणार नाही. पैसा वेगळा, पाऊस वेगळा, जमीन वेगळी. पण एक गोष्ट इथेही खरी आहे. भरती-ओहोटीच्या मधल्या जमिनीवर जो कोणी राहील, मग तो शेतकरी असो, बंदर असो की सोळा मजली सोसायटी, त्याला डागडुजीच्या नेमात वाटा उचलावा लागेल. शेत गेलं म्हणून उधाण यायचं थांबलेलं नाही. फरक एवढाच, की पूर्वी बांधाआड कोण आहे ते सगळ्यांना माहीत होतं, आणि आता फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला आपण बांधाआड राहतो हेच माहीत नाही.

म्हणून जाता जाता एक काम सांगतो. उन्हाळा संपायच्या आत, ओहोटीची वेळ बघून, आपल्या गावाची किंवा नोडची उघाडी कुठे आहे ते शोधा. वेळ कशी काढायची ते मघाशी सांगितलंच आहे : तिथीची पाऊणपट, अधिक सहा तास. झडप हलते का बघा. ती साफ करण्याचं काम कोणाचं आहे ते ग्रामपंचायतीत किंवा सिडकोच्या कार्यालयात विचारा आणि मिळालेलं उत्तर लिहून ठेवा. उत्तर 'कोणाचंच नाही' असं आलं, तर पुढच्या सभेचा विषय तिथेच ठरला.

आता प्रश्न घेऊ.